‘आवर्ती खर्च मंजूर नाही’ म्हणणाऱ्या दात्यांना खुले पत्र

प्रति,
पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांसाठी निधी, औषधे आणि वैद्यकीय शिबिरे पाठवणारी महाराष्ट्र-गोव्यातली सेवाभावी मंडळे, क्लब व डॉक्टरांच्या संघटना,
तसेच कंपाला, नैरोबी, दार-ए-सलाम इथले आपले देणगीदार

विषय : युगांडातील गाव-आरोग्य स्वयंसेवकांच्या मदतीतून आवर्ती खर्च वगळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

२० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदतीला स्थगिती दिली आणि १ जुलैला यूएसएड या तिच्या मदतसंस्थेचा कारभार आटोपला. युगांडातल्या हिवतापाच्या कामाला त्या पैशाचा मोठा टेकू होता. तो निघाल्यावर तुमच्यापैकी अनेक जण आपणहून पुढे आलात, विचारपूस केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण सोबत जो अर्जाचा नमुना येतो, त्यात एक अट आता ठरल्यासारखी असते. पैसा वस्तूंना, उपकरणांना, शिबिराला मिळेल; मानधन, प्रवासखर्च, औषधांची फेरभरती, छपाई असल्या आवर्ती खर्चाला मिळणार नाही. ही अट आम्हाला मान्य नाही, आणि ती का मान्य नाही हे चारचौघांत सांगावे म्हणून हे पत्र.

(भारतातल्या कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा कायद्याने देशाबाहेर खर्चता येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे. त्या खात्यांशी आमचे भांडण नाही. पैसा कुठे आणि कसा द्यायचा हे ठरवायची मोकळीक ज्यांना आहे, त्यांच्याशी बोलतो आहोत.)

आमचा संबंध म्हणाल तर आम्ही इथे स्वयंसेवकांचे प्रशिक्षण, औषधसाठ्याची मोजदाद आणि अहवालांची पडताळणी या कामात असलेली मराठी माणसे आहोत. तुमचे अर्ज भरायला आमच्याकडेच येतात, आणि शिबिर उठल्यावर उरलेल्या औषधांचे खोकेही.

ज्यांच्यासाठी लिहितो आहोत त्यांची ओळख आधी करून देतो. युगांडाच्या आरोग्यव्यवस्थेतली सगळ्यात खालची पायरी म्हणजे ‘आरोग्य केंद्र एक’. त्याला इमारत नाही, पाटी नाही, खाट नाही. गावातली एक-दोन माणसे आणि त्यांच्या घरातली कुलूपबंद पेटी, एवढेच ते केंद्र. गाव-आरोग्य पथकांचे धोरण २००१ चे. २०१० पासून या पथकातल्या दोघांना दोन महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा हिवताप, न्यूमोनिया आणि जुलाब घरच्या घरी तपासून औषध द्यायला शिकवले जाऊ लागले. ही माणसे शेतकरी आहेत, मका-भुईमूग-केळी लावणारी. पगार नाही. मध्य युगांडात लोक त्यांना ‘मुसावो’, म्हणजे डॉक्टर, अशी हाक मारतात आणि बहुतेक वेळा अंधार पडल्यावरच दार वाजवतात. दिवसभर आईबाप शेतावर, मूल थोरल्या भावंडाच्या कडेवर. अंग तापले आहे हे कळते ते संध्याकाळी चूल पेटवताना.

असे एक मूल आले की काय काय करावे लागते ते पाहा. आवर्ती खर्च कशाला म्हणतात ते तिथेच कळेल.

आधी धोक्याची लक्षणे. झटके आले का, पाणी किंवा दूध घेता येते का, पोटात गेलेले सगळेच उलटून पडते का, मूल ग्लानीत किंवा बेशुद्ध आहे का. यातले एक जरी असले तरी गावात थांबायचे नाही. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

मग खोकला असेल तर श्वास मोजायचा. मूल आईच्या मांडीवर शांत हवे. रडत किंवा दूध पीत असताना मोजलेला आकडा चालत नाही. सदरा वर करायचा आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही, कारण लहान मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन ते अकरा महिन्यांच्या मुलात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. यासाठी युनिसेफचा एक साधा टायमर मिळतो, तो अर्ध्या मिनिटाला एकदा आणि पूर्ण मिनिटाला पुन्हा वाजतो. पहिल्या आवाजालाच मोजणे थांबवणे ही हमखास होणारी चूक, आणि ती उजळणीच्या दिवशी समोर बसून मोजायला लावल्याशिवाय उघडकीस येत नाही. टायमर बंद पडला तर एक डोळा मोबाइलवर, एक छातीवर. चार-पाच श्वास निसटतात आणि न्यूमोनियाचे मूल साध्या खोकल्यात जमा होते. टायमर तुम्ही देता. तो बंद पडल्यावर दुसरा आणि वर्षातून दोनदा उजळणी मात्र तुमच्या अटीत बसत नाही.

छाती आत ओढली जात नसेल आणि श्वास नुसता जलद असेल तर अमॉक्सिसिलिनच्या २५० मिलिग्रॅमच्या, पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या : वर्षाच्या आतल्या मुलाला एक-एक दोन वेळा, वर्षावरच्याला दोन-दोन दोन वेळा, पाच दिवस. म्हणजे दहा किंवा वीस गोळ्या. शिबिरातून उरून येतात त्या मोठ्यांच्या कॅप्सूल. त्या उघडून पूड अंदाजाने अर्धी करावी लागते. नाहीतर सिरपच्या बाटल्या येतात. त्यात खुणेपर्यंत उकळून गार केलेले पाणी घालायचे, बाटली थंड जागी ठेवायची आणि आठवड्या-दोन आठवड्यांत संपवायची. पत्र्याच्या छपराखाली हे होत नाही.

ताप असेल तर बोटातले रक्त घेऊन हिवतापाची तपासणी-पट्टी. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण सगळ्यात जास्त वस्तू तुम्ही याच पाठवता आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. स्पिरिटने पुसलेले बोट वाळू द्यायचे, बोटाच्या कडेला टोचायचे, पाच मायक्रोलिटर रक्त एका खाचेत आणि द्रावणाचे थेंब दुसऱ्या खाचेत. थेंब किती आणि वाट किती वेळ पाहायची, हे प्रत्येक बनावटीत वेगळे. कुठे दोन थेंब, कुठे चार-पाच. कुठे पंधरा मिनिटे, कुठे वीस. यंदा एका बनावटीच्या पट्ट्या, पुढच्या खेपेला दुसऱ्या, सोबतचा कागद इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. स्वयंसेवकाचे हात पहिल्या बनावटीवर बसलेले असतात. वेळेआधी वाचले तर रेघ उमटलेली नसते, फार उशिरा वाचले तर नसलेली रेघ दिसू लागते. फिकट रेघही रेघच असते, पण ती चुलीच्या उजेडात दिसत नाही, टॉर्च लागतो, आणि टॉर्चला सेल लागतात.

पंचवीस पट्ट्यांच्या खोक्यात बहुधा द्रावणाची एकच बाटली येते. ती सांडली किंवा झाकण नीट न लागल्याने आटली की उरलेल्या सगळ्या पट्ट्या निकामी. दुसऱ्या बनावटीचे द्रावण किंवा साधे पाणी वापरले तर निकाल खोटा येतो. एकेका रुग्णापुरते सुटे पाकीट (पट्टी, सुई, छोट्या कुपीत द्रावण) बाजारात मिळते. ते थोडे महाग पडते म्हणून यादीतून पहिले तेच कापले जाते. शिवाय हातमोजे आणि सुया टाकायचा डबा. पट्ट्या हजाराने येतात आणि डबा एकही येत नाही, हे आम्हाला अजून उलगडलेले नाही.

पट्टीवर हिवताप निघाला तर आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन. ५ ते १५ किलोच्या आतल्या मुलाला सहा गोळ्यांचे पिवळे पाकीट, १५ ते २५ किलोच्या आतल्याला बारा गोळ्यांचे निळे. पहिला डोस स्वयंसेवकाच्या डोळ्यांसमोर, काहीतरी खाऊ घालून किंवा अंगावर पाजून, कारण स्निग्धाशिवाय औषध नीट अंगी लागत नाही. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा. दुसरा डोस आठ तासांनी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. निळी पाकिटे संपली की मोठ्या मुलाला दोन पिवळी जातात आणि पिवळी दुप्पट वेगाने संपतात. शेवटी मोठ्यांची चोवीस गोळ्यांची हिरवी पाकिटे कात्रीने कापली जातात. मग आईच्या हाती ना चित्रे, ना मुदतीची तारीख. आपल्याला हे परके वाटू नये. मुंबईच्या सिप्ला, इप्का, अजंता या कंपन्यांच्या याच औषधाला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता, आहे. गोळी आपल्याकडून इथवर नीट येते आणि शेवटच्या दहा-पंधरा किलोमीटरवर अडते.

का अडते? सरकारी औषध भांडार आरोग्य केंद्रांना दर दोन महिन्यांनी माल पोहोचवते. खालच्या केंद्रांना ठरावीक खोके मिळते, मग तिथे रुग्ण किती का येईनात. स्वयंसेवकाची पेटी त्याच खोक्यातून भरायची. केंद्राचेच खोके सहाव्या आठवड्यात तळाला गेले तर पेटीला काय येणार? त्यात पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि त्यामागोमाग हिवताप चढतो. वर्षाची सरासरी काढून पाठवलेला साठा नेमका तेव्हा कमी पडतो. कमी पडला की आई येते आणि रिकाम्या हाती जाते. असे दोन-तीनदा झाले की ती पुढच्या वेळी थेट दुकानातून सुट्या गोळ्या घेते, आणि पेटी भरल्यावरही परत येत नाही. हे नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. उलट रुग्ण कमी झाले असे दिसते.

जुलाबाबद्दल फार लिहीत नाही, जलसंजीवनी आपल्याला ठाऊक आहे. एवढेच की पुडी एक लिटरची असते आणि घरात माप असते वीस लिटरच्या पिवळ्या जेरीकॅनचे. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्या दाखवून शिकवावे लागते, नाहीतर पुडी एका पेल्यात कालवली जाते. झिंकच्या गोळ्या दहा दिवसांच्या. जुलाब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबले की उरलेल्या पत्र्याच्या फटीत खोचल्या जातात. जलसंजीवनी आणि झिंक एकाच पाकिटात मिळते, जागतिक आवश्यक औषधांच्या यादीत ते २०१९ पासून आहे. तरी देणगीत जलसंजीवनी एका वर्षी येते आणि झिंक दुसऱ्या.

मग कुपोषण ओळखायला दंडघेराची पट्टी (११५ मिलिमीटरच्या खाली लाल), दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज पाहणे, नोंदवहीत ओळ भरणे, औषध दिलेल्या मुलाला तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे. बाळंतीण घरात असेल तर पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरभेट. तिमाही अहवाल वेगळाच. नोंदवही भरली की नवी छापून यावी लागते; ती आली नाही तर शाळेच्या वहीत हाताने रकाने आखले जातात, आणि त्या वहीतले आकडे वरच्या संगणकात चढत नाहीत. गावात औषध खपलेच नाही असे दिसते. पुढच्या वाटपात ते गाव आणखी मागे.

आता धोक्याची लक्षणे असलेले मूल. त्यासाठी गुदद्वारातून द्यायची, हिवतापावरची १०० मिलिग्रॅमची आर्टिसुनेट कॅप्सूल आहे. २०१८ मध्ये तिच्या दोन बनावटींना पूर्वपात्रता मिळाली, दोन्ही भारतीय, पैकी एक सिप्लाची. औषध उत्तम. पण युगांडा, नायजेरिया आणि लोकशाही प्रजासत्ताक कांगो इथल्या मोठ्या अभ्यासात दिसले की नुसते औषध गावात पोहोचवल्याने मृत्यू घटले नाहीत. ते रुग्णालयापर्यंतचा वेळ काढून देते, उपचार पुरा करत नाही. जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशांना याचा विस्तार तूर्त थांबवायला सांगितले आणि नंतर वापराचे नियम कडक केले. अडचण औषधात नव्हती. मूल पुढे पोहोचत नव्हते, आणि पोहोचले तरी तिथे उपचार पुरे होत नव्हते. रात्री नऊ वाजता बोडाबोडावाला (भाड्याने मोटारसायकल चालवणारा) पावसात चिखलातून जायचे दुप्पट भाडे मागतो, आणि ते आईकडे नसते. केंद्रातले उपचार २००१ पासून फुकट आहेत. रस्ता फुकट नाही. आणि हे भाडे, दातेहो, तुमच्या अर्जात ‘आवर्ती खर्च’ या रकान्यात पडते.

मानधनाचे वेगळे बोलू. त्यावर तुमच्यातल्या काहींचे म्हणणे असते की पैसे दिले तर सेवाभाव मरतो. जो माणूस नांगरणीच्या दिवसांत शेत टाकून अहवाल द्यायला पंधरा किलोमीटर सायकल मारतो, त्याच्या सेवाभावाची परीक्षा आपण घ्यायचे कारण नाही. पंक्चर, टायर, चेन हा त्याच्याच खिशाचा खर्च. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक सूचना काढून सांगितले की अशा कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात मोबदला द्यावा, आणि तो केवळ किंवा मुख्यतः ‘इतके केले तर इतके’ अशा हिशेबावर नसावा. शेजारच्या केनियाने २०२३ मध्ये आपल्या कार्यकर्त्यांना महिना ५,००० शिलिंग ठरवले, निम्मे राष्ट्रीय सरकारचे, निम्मे काउंटी या स्थानिक सरकारचे. इथिओपियात २००३ मध्ये सुरू झालेल्या योजनेतल्या अशा कार्यकर्त्या पगारी आहेत. आणि आपल्याला इतक्या लांब जायची गरजही नाही. मे २०२२ मध्ये आशांचा जागतिक सन्मान झाला तेव्हा आपण सगळ्यांनी अभिनंदनाचे फलक लावले. पुढे दोन वर्षांच्या आत महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या.

गावातल्या साध्या माणसाच्या हाती न्यूमोनियाचे औषध सुरक्षित राहते, हे जगाला पटवून देणाऱ्यांत गडचिरोली आघाडीवर होते. निरक्षर सुईणींना श्वास मोजता यावा म्हणून मण्यांचे साधन तिथे बनले, नवजात बाळांच्या घरभेटींचा अभ्यास १९९९ मध्ये तिथूनच प्रसिद्ध झाला. तिथल्या आरोग्यदूताला नुसती पिशवी देऊन सोडले नव्हते. मागे प्रशिक्षण, देखरेख आणि औषधाची फेरभरती वर्षानुवर्षे होती. गडचिरोलीच्या नावाने अभिमानाने बोलणाऱ्या मंडळांनी ती मागची बाजू अर्जातून खोडावी, याचे आम्हाला खरेच वाईट वाटते.

आमच्या मागण्या अशा.

आवर्ती खर्चाची अट काढा. निदान एका उपजिल्ह्यातल्या स्वयंसेवकांचा फेरभरती, प्रवासखर्च आणि छपाईचा भार सलग तीन वर्षे उचला. वीस गावांना एकदा पिशव्या देण्यापेक्षा पाच गावांना तीन वर्षे औषध द्या. प्रवासखर्च आणि मानधन मोबाइल मनीवर, महिन्याच्या ठरल्या तारखेला, पैसे काढायचे शुल्क धरून. मानधनाचा आकडा तुम्ही एकट्याने ठरवू नका. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांशी बोलून ठरवा, नाहीतर शेजारच्या गावातले स्वयंसेवक काम टाकतात.

गंभीर मुलाच्या वाहतुकीसाठी परगण्याच्या पातळीवर छोटा निधी ठेवा. बोडाबोडावाल्याशी दर आधी ठरवायचा, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा. केंद्राच्या शिक्क्याची पावती दाखवली की त्याला पैसे. हे काही गावांत चालते आणि पैसे संपले की बंद पडते.

औषधे सामानाच्या बॅगांतून आणू नका. इथल्या राष्ट्रीय औषध प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ती वाटता येत नाहीत, आणि पोहोचताना निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, हा देणगीच्या औषधांचा जागतिक नियम १९९६ पासूनचा आहे. डॉक्टरांना मिळालेले नमुने तर नकोतच. कंपालात जॉइंट मेडिकल स्टोअर ही १९७९ पासूनची ना-नफा वखार आहे. पैसे तिथे भरा, माल इथल्या पाकिटात, इथल्या खुणांसह मिळतो. पट्ट्या घेताना सुटी पाकिटे घ्या, तीन वर्षे एकच बनावट ठेवा, आणि सोबत सुयांचा डबा मागवा.

शिबिर घ्यायचेच असेल तर स्वयंसेवकाला टेबलावर बसवा, गर्दी आवरायला उभे करू नका. तपासलेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्याच्या वहीत करा, कारण तुमची बस गेल्यावर पाचव्या दिवशी त्याच मुलाला तोच पाहणार आहे. उरलेले औषध गावात सोडून जाऊ नका. केंद्राच्या साठा-वहीत चढवून सही घ्या.

नवे ॲप बनवून देऊ नका. चालू असलेल्या सरकारी नोंदीत भर घाला, आणि फोन चार्ज करायला छोटे सौर पॅनेल द्या.

पुण्यातल्या मंडळांना आणखी एक. एप्रिल २०२५ पासून युगांडात हिवतापाची लस सुरू झाली आहे, आर-२१, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी. डोस सहाव्या, सातव्या, आठव्या आणि अठराव्या महिन्यात. पहिल्या तीनला मूल येते. शेवटच्या डोसाआधी दहा महिन्यांची खिंड आहे, आणि त्या खिंडीतून मूल काढायचे काम याच बिनपगारी माणसांचे. त्यांना गावनिहाय याद्या छापून द्यायला आणि घरोघर एक फेरी मारायला जो खर्च येतो, तो तुमच्या एका उद्घाटन सोहळ्याच्या मंडपाएवढाही नसतो. कुणी उचलता का, ते कळवा.

उत्तर देताना कृपया एवढे स्पष्ट लिहा : अट काढली की नाही, किती वर्षांसाठी, आणि पहिली फेरभरती कोणत्या महिन्यात. सप्टेंबरच्या पावसाआधी मागणी नोंदवायची असेल तर पैसे जूनअखेर वखारीत जमा झालेले लागतात.

आपले,
युगांडात गाव-आरोग्य स्वयंसेवकांसोबत प्रशिक्षण व साठा-नोंदीचे काम करणारी काही मराठी माणसे